पोर्ट शिकागो, रात्री १०.१८

१७ जुलै १९४४ रोजी रात्री १० वाजून १८ मिनिटांनी कॅलिफोर्नियातल्या पोर्ट शिकागो इथला अमेरिकी नौदलाचा दारूगोळ्याचा धक्का ३२० माणसांसह नाहीसा झाला. पुढचा घटनाक्रम त्याआधीच्या साडेचार दिवसांचा आणि त्यानंतरचा आहे. त्यात शत्रू कुठेही नाही.

गुरुवार, १३ जुलै. सकाळी ८.१५

‘ई. ए. ब्रायन’ हे मालवाहू जहाज धक्क्याच्या आतल्या, जमिनीकडच्या बाजूला लागते. जहाज पाच महिन्यांचे आहे. खण रिकामे आहेत, पण पॅसिफिक ओलांडण्यासाठी ५,२९२ पिंपे जड इंधन तेल भरून घेतलेले आहे. सुइसन उपसागराच्या काठावरचा हा लाकडी धक्का सुमारे १,५०० फूट लांब आहे आणि तो एकच आहे. जूनमध्येच त्याची वाढ झाली. आता दोन जहाजे एकाच वेळी दोन बाजूंना लागू शकतात. दीड मैलावर गाव आहे, वस्ती दीडएक हजाराची.

त्याच सकाळी

जहाजाला पाच खण आहेत आणि प्रत्येक खणाला वाफेवर चालणारी एक विंच आहे. पहिल्या खणाच्या विंचचा ब्रेक सुट्या स्थितीत अडकून बसल्याचे आढळते. विंच चालते, ओझे वर-खाली होते. वाफेचा दाब मध्येच तुटला तर मात्र लटकते ओझे थांबवणारे काही नाही.

सराईत विंचवाला ब्रेकला सहसा हात लावत नाही. वाफ कमी-जास्त करून ओझे अधिक झपाट्याने हलवता येते. वापरात नसलेला ब्रेक मग अडकतो. घाईचा हा परिणाम लोखंडावरही दिसत होता.

जहाजाचा चीफ मेट आणि चीफ इंजिनिअर यांना बोलावून ब्रेक दाखवला जातो. पुढे तो दुरुस्त झाला की नाही, हे चौकशीतही ठरवता आले नाही.

सकाळी १०.००

माल चढवायला सुरुवात होते. आता रात्रंदिवस काम चालेल.

काम करणारे सगळे काळे खलाशी आहेत, अधिकारी सगळे गोरे. यांतल्या बहुतेकांनी ग्रेट लेक्सच्या नौदल केंद्रात जहाजावरच्या कामाचे शिक्षण घेतले होते. इथे आल्यावर त्यांच्या वाट्याला हमाली आली. स्फोटके जहाजात कशी भरायची, याचे रीतसर प्रशिक्षण त्यांच्यातल्या एकालाही मिळालेले नाही.

कामाची रीत अशी. रेल्वेच्या वाघिणीत बॉम्ब आणि तोफगोळे लाकडी फळकुटे ठोकून घट्ट बसवलेले असतात. ते पहारीने उचकटून काढायचे. ग्रीस फासलेली ती जड नळकांडी फळ्यांवरून गडगडत न्यायची, जाळीत भरायची, विंच आणि बूमने (ओझे उचलणाऱ्या लांब दांड्याने) उचलून खणात सोडायची. खाली जाळी सुटली की एकेक नग हाताने धरून थोड्या उंचीवरून जागेवर टाकायचा. या आदळआपटीत काही तोफगोळ्यांच्या टोकांना इजा होऊन आतला रंग गळू लागे.

माणसे घाबरत. मोठे बॉम्ब जिवंत नसतात, फ्यूज आघाडीवर पोचल्यावर बसवतात, असे अधिकारी त्यांना सांगत.

शुक्रवार, १४ जुलै

काम चालू. या दिवशीची ठळक अशी नोंद नाही. तेव्हा आधीचा हिशेब इथेच पाहू.

तळाचा प्रमुख कॅप्टन मेरिल किनी एप्रिलपासून इथे आहे. तो १९१५ ते १९२२ नौदलात होता. मग नागरी आयुष्यात गेला आणि १९४१ मध्ये परतला. दारूगोळा भरण्याचे प्रशिक्षण त्याला नाही, अनुभवही फार थोडा. वरचा अधिकारी कॅप्टन नेल्सन गॉस याने एक लक्ष्य ठरवून दिलेले आहे: एका खणात तासाला १० टन. (हे अमेरिकी टन, साधारण ९०७ किलोचे.) माल भरून घेणाऱ्या बहुतेक अधिकाऱ्यांना हा आकडा जास्त वाटतो.

किनीने सगळ्यांना दिसेल अशा जागी एक फळा लावला आहे. प्रत्येक तुकडीने तासाला सरासरी किती टन भरले, ते त्यावर खडूने लिहिले जाते. तुकडी शंभरेक माणसांची. हाताखालचे तरुण अधिकारी आपापल्या तुकडीवर एकमेकांशी पैजा लावतात आणि ती जिंकायला माणसांना पळवतात. पैजा बेकायदा आहेत, हे खलाशांनाही ठाऊक आहे. एखादा वरिष्ठ येताना दिसला की सगळे हात आवरते घेतात. वरिष्ठांना धक्का नेहमी बऱ्या चालीने चाललेलाच दिसतो, तो यामुळे.

पोर्ट शिकागोची सरासरी तासाला ८.२ टन होती. मेअर आयलंड या नौदलाच्या तळावर हेच काम करणारे व्यावसायिक गोदी कामगार ८.७ टन भरत. ज्यांचा आयुष्यभराचा धंदा तोच, तेही दहाच्या जवळपास नव्हते. लक्ष्य चुकले आहे, हे त्या दोन आकड्यांतच लिहिलेले होते.

सुरक्षिततेचा फळा नव्हता. नियमांची एक छोटी यादी धक्क्यावर टांगलेली होती. बराकीत ती लावली नव्हती, कारण ती या खलाशांना कळणार नाही असे किनीला वाटे. रीतसर व्याख्याने दोन झाली, अनौपचारिक काही. ऐकणाऱ्यांच्या डोक्यात किती राहिले, ते कोणी तपासले नाही. अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी असलेला लेफ्टनंट कमांडर शिकवण्याचे साहित्य गोळा करत होता. वर्ग अजून भरायचा होता.

सावध करणारेही होते. गोदी कामगारांच्या संघटनेने अनुभवी माणसे पाठवून या खलाशांना शिकवण्याची तयारी दाखवली. खर्च वाढेल, वेग कमी होईल, नागरी कामगार घातपात करतील, या भीतीने नौदलाने नकार दिला. तटरक्षक दलाची एक तुकडी धक्क्यावर देखरेखीला होती. तिचा प्रमुख कमांडर पॉल क्रॉंक याने कामाची पद्धत धोक्याची असून इथे अपघात अटळ आहे, असे नौदलाला बजावले. नौदलाने पद्धत बदलली नाही. क्रॉंकने आपली माणसे काढून घेतली.

तक्रार करणाराच निघून गेला, आणि तिथून पुढे धक्क्यावर तक्रार राहिली नाही.

असाच एक अपघात नुकताच झालेला होता. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटले ते याच वर्षी १४ एप्रिलला. त्याला आज तीन महिने झाले. कापसाच्या गाठी आणि १,३९५ टन स्फोटके एकाच जहाजात होती. धोक्याचा लाल बावटा लावलेला नव्हता, स्फोटके उतरवायला उशीर झाला, अग्निशमन दलालाही उशिरा कळवले. ब्रिटिश सेन्सॉरने ती बातमी मे महिन्यात मोकळी केली.

शनिवार, १५ जुलै

दुसऱ्या खणाची विंच ठोके मारल्यासारखा आवाज करू लागते. काम थांबत नाही. रात्रभर तिला ग्रीस पाजत राहतात. आवाज दबतो.

रविवार, १६ जुलै. सकाळ

त्या विंचचे मुख्य बेअरिंग बदलले जाते. काम पुढे चालू.

आता पहिल्या विंचच्या ब्रेकबद्दल शंका आहे आणि दुसरी विंच नुकती दुरुस्त झालेली आहे. जहाज पाच महिन्यांचेच आहे, हे इथे पुन्हा लक्षात घ्यावे.

सोमवार, १७ जुलै. दुपार

‘क्विनॉल्ट व्हिक्टरी’ हे नवे कोरे जहाज जवळच्या मार्टिनेझच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून इंधन घेते. त्यातले काही तेल ज्वालाग्राही वाफ सोडणारे आहे. पुढच्या २४ तासांत ते टाक्यांमध्ये इकडून तिकडे हलवले जाते, असा रिवाज. जहाजाच्या पुढच्या मुक्कामाचे ठिकाण पोर्ट शिकागो.

‘ब्रायन’वर चौथ्या खणाच्या विंचचा ब्लीडर व्हॉल्व्ह तुटतो. पिट्सबर्ग या शेजारच्या गावचा एक सरकारी प्लंबर बोलावला जातो. त्याचा इथला हा पहिलाच दिवस आहे. तो व्हॉल्व्हचा तुटलेला निप्पल (जोडनळी) काढतो, तळाच्या दुकानातून नवा निप्पल आणि नवा व्हॉल्व्ह आणून बसवतो.

हे करत असताना त्याच्या समोर एका खलाशाच्या हातून नौदलाचा तोफगोळा निसटतो आणि दोन फुटांवरून लाकडी धक्क्यावर आपटतो. काही होत नाही. विंचवाला दुरुस्त विंच चालवून पाहीपर्यंत प्लंबर थांबतो आणि मग लगबगीने धक्का सोडतो. हे सगळे काम धोक्याचे आहे, असे त्याला वाटते. रोज तिथे असणाऱ्यांना गोळा पडण्याची सवय झाली होती. एका दिवसाच्या पाहुण्याला ती नव्हती.

तो निघाला तेव्हा काही तास शिल्लक होते.

संध्याकाळ

‘क्विनॉल्ट व्हिक्टरी’ धक्क्याच्या बाहेरच्या बाजूला लागते. आता दोन जहाजे, मध्ये एक लाकडी धक्का आणि त्यावर रेल्वेचे तीन समांतर फाटे.

सहाव्या तुकडीचे १०२ जण या जहाजावर दोर, बूम, जाळ्या लावून तयारी करू लागतात. त्यांच्यापैकी बरेचजण ग्रेट लेक्सहून नुकतेच आलेले आहेत. माल चढवायला मध्यरात्री सुरुवात करायची आहे.

रात्री १०.००

‘ब्रायन’च्या खणांत सुमारे ४,६०० टन दारूगोळा गेला आहे. जहाज चाळीस टक्के भरले आहे. पाचही खणांत १०८ तास सतत काम चालले असे धरले, तर ही गती तासाला साडेआठ टनांच्या आसपास येते. फळ्यावर हा आकडा चांगला दिसला असता.

तिसऱ्या तुकडीचे ९८ जण कामाला आहेत. तिसऱ्या खणात हजार पौंडी बॉम्ब जात आहेत, चौथ्यात क्लस्टर बॉम्ब, पाचव्यात ४० मिलिमीटरचे तोफगोळे.

दुसऱ्या खणात नव्या बनावटीचे पाणबुडीविरोधी बॉम्ब उतरवत आहेत. प्रत्येकात २५२ पौंड टॉरपेक्स आहे. बाहेरून बसलेला हादरा किंवा कवचाला पडलेला पोचा टीएनटीला सोसतो, तितका टॉरपेक्सला सोसत नाही.

पहिल्या खणात आगलावे बॉम्ब जात आहेत, एकेक करून, जपून. प्रत्येकाचे वजन ६५० पौंड आणि प्रत्येकात फ्यूज बसवलेला आहे. खलाशांना मोठे बॉम्ब जिवंत नसतात असे सांगितले होते. हे जिवंत आहेत. ज्या विंचच्या ब्रेकबद्दल गुरुवारी शंका होती, ती याच खणाची.

फाट्यांवर १६ वाघिणी उभ्या आहेत, त्यांत आणखी ४३० टन. धक्का आणि जहाज मिळून सुमारे २,००० टन टीएनटीच्या ताकदीची स्फोटके आहेत.

दोन्ही जहाजांचे मिळून ६७ अधिकारी आणि कर्मचारी आपापल्या जागी आहेत. नौदलाचे नऊ अधिकारी, २९ सशस्त्र रक्षक, रेल्वेचे तीन नागरी कर्मचारी आणि एक मरीन पहारेकरी. धक्क्याला तटरक्षक दलाची आग विझवण्याची बोट बांधलेली आहे. तिच्यावर पाच माणसे.

रात्री १० नंतर थोड्याच वेळात

एक अधिकारी धक्क्यावरून निघतो. जाताना त्याला दोन गोष्टी दिसतात. ‘क्विनॉल्ट व्हिक्टरी’चा पंखा पाण्यात सावकाश फिरतो आहे. आणि तिसऱ्या तुकडीची माणसे वाघिणीतला माल उपसताना अडली आहेत, कारण तो फार घट्ट ठासलेला आहे. यापलीकडे त्याला वावगे काही आढळत नाही.

धक्क्याचे शेवटचे वर्णन हेच.

रात्री १०.१८

दूरवरच्या साक्षीदारांना धातू आदळल्याचा आणि लाकूड फाटल्याचा आवाज ऐकू येतो. बूम कोसळावी तसा. लगेच धक्क्यावर स्फोट होतो आणि आग दिसते.

पाच ते सात सेकंदांनंतर

‘ब्रायन’मधला बहुतेक साठा एकाच वेळी उडतो.

बर्कलीच्या विद्यापीठातले भूकंपमापक दोन्ही धक्के टिपतात. दुसरा ३.४ तीव्रतेच्या भूकंपाइतका आहे. नऊ हजार फुटांवरून जाणाऱ्या एका लष्करी विमानाच्या वैमानिकाला घराएवढे पांढरेफेक तापलेले धातूचे तुकडे बाजूने वर जाताना दिसतात. ‘क्विनॉल्ट व्हिक्टरी’ पाण्याबाहेर उचलले जाऊन त्याचे तुकडे होतात. मागचा भाग ५०० फुटांवर उलटा पडतो. आग विझवणारी बोट ६०० फूट दूर फेकली जाऊन बुडते. ‘ब्रायन’चे म्हणून ओळखावे असे जवळपास काही उरत नाही.

धक्क्यावर आणि जहाजांवर असलेले सगळे ३२० जण जागीच ठार होतात. ३९० जण जखमी. मृतांपैकी २०२ काळे खलाशी. ओळख पटावी इतके शाबूत ५१ मृतदेह सापडले.

शुक्रवार, २१ जुलै

नौदलाची चौकशी सुरू होते. ३९ दिवसांत १२५ साक्षी होतात. फळा आणि त्यावरचे टन यांबद्दल किनीला विचारले जाते. ती निकोप स्पर्धा होती, असे त्याचे म्हणणे. स्फोटाचे नेमके कारण ठरवता आले नाही. पण दारूगोळा हाताळणाऱ्या खलाशांच्या हातून काहीतरी चुकले असावे, असा निष्कर्षाचा रोख होता. फळा लावणारे, लक्ष्य ठरवणारे आणि पैजा लावणारे यांच्यापैकी कोणावर खटला झाला नाही.

वाचलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना ३० दिवसांची रजा मिळाली. वाचलेल्या काळ्या खलाशांना, त्यांतल्या इस्पितळात असलेल्यांनाही, ती नाकारली गेली. सोबत्यांच्या देहाचे तुकडे गोळा करण्याच्या कामावर होते ते हेच लोक. मृतांच्या वारसांना प्रत्येकी ५,००० डॉलर द्यावेत, असा नौदलाचा प्रस्ताव होता. मृतांत बहुतेक काळे आहेत हे कळल्यावर मिसिसिपीचे काँग्रेस सदस्य जॉन रँकिन यांनी तो २,००० वर आणायचा आग्रह धरला. तडजोड ३,००० वर झाली.

बुधवार, ९ ऑगस्ट. स्फोटानंतरचा तेविसावा दिवस

तीन तुकड्यांतल्या ३२८ जणांना मेअर आयलंडला कूच करायचा हुकूम होतो. तिथे दारूगोळा चढवायचा आहे. कामाची पद्धत तीच, प्रशिक्षण अजूनही नाही. माणसे वाटेतच थांबतात. २५८ जण काम नाकारतात. त्यांना एका बार्जवर कोंडले जाते.

कामाची जागा सुरक्षित नाही म्हणून काम नाकारणे, याला कारखान्यात संप म्हणतात. नौदलाने त्याला बंड म्हटले. अ‍ॅडमिरल कार्लटन राइट यांनी त्यांच्यासमोर उभे राहून युद्धकाळात बंडाची शिक्षा मृत्यू असू शकते, याची आठवण करून दिली. तरीही मागे न हटलेल्या ५० जणांवर खटला भरला.

मंगळवार, २४ ऑक्टोबर

न्यायाधिकारी विचारविनिमयाला बसतात. ८० मिनिटांनी ५० पैकी ५० दोषी ठरतात. माणशी एक मिनिट ३६ सेकंद. शिक्षा आठ ते पंधरा वर्षे सक्तमजुरीच्या. उरलेल्या २०८ जणांवर हुकूम मोडल्याचा साधा आरोप ठेवून पगार कापला गेला. थर्गूड मार्शल या तरुण वकिलाने अपिलाची बाजू घेतली. युद्ध संपल्यावर, जानेवारी १९४६ मध्ये, ५० पैकी ४७ जण सुटले. दोषी असल्याचा शिक्का मात्र कायम राहिला.

नौदलाने पुढे दारूगोळा हाताळणाऱ्यांसाठी रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र आणले. युद्धसामग्रीच्या रचनेतही सुरक्षिततेसाठी बदल केले. यातला पहिला भाग, म्हणजे प्रशिक्षण, गोदी कामगारांच्या संघटनेने आधीच देऊ केला होता.

बुधवार, १७ जुलै २०२४

अमेरिकेचे नौदल सचिव कार्लोस डेल टोरो यांनी ५० जणांसह एकूण २५६ खलाशांना दोषमुक्त केले. स्फोटाला त्या दिवशी ८० वर्षे पूर्ण झाली.